एक आपलं, एक सूनबाईचं

शाळेत मुलं तिला फुलीबाई म्हणत. वहीत चूक दिसली की हिचं लाल पेन तिथे फुली मारून मोकळं. मग कुणाचे डोळे भरून येवोत नाहीतर कुणाचा बाप भांडायला येवो. गणिताची शिक्षिका होती, नोकरी कंत्राटी होती, पण चूक म्हणताना तिने कधी मागेपुढे पाहिलं नाही. घरी मात्र ती सूनबाई होती, आणि या दोघींची आपसात साधी तोंडओळखही नव्हती. लग्नाला वर्ष व्हायच्या आतच तिच्यावर सासऱ्यांना बीजगणित शिकवायची पाळी आली.

सासरे पाणी खात्यात गळती शोधायचं काम करत. रस्त्याखालच्या नळाला लोखंडी कांब टेकवायची, तिच्या वरच्या टोकाला कान लावायचा आणि पाणी कुठे फुटतंय ते ऐकायचं. कान अजून तल्लख होते, गुडघे मात्र कामातून गेले होते. झाकण उघडून खड्ड्यात उतरायचं म्हटलं की शिडीवर पाय ठेवायच्या आधीच त्यांना घाम फुटे. मागच्या महिन्यात तर पाय निसटला. खाली जोडीदार उभा होता, त्याने धरलं म्हणून निभावलं. पर्यवेक्षकाची परीक्षा पास झाले तर खुर्ची-टेबल मिळणार होतं. नाही झाले तर निवृत्तीपर्यंत तीच शिडी. वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी होती. पेपर जवळजवळ सगळा गणिताचा, आणि वर चुकीच्या उत्तराला गुण कापायचे.

सासूबाई देवभोळ्या नव्हत्या, पण त्या शिडीचा विषय निघाला की हातातलं काम थांबवून देवाला हात जोडत.

पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. सासऱ्यांनी कंस सोडवताना वजाचं चिन्ह गाळलं, आणि सवयीने फुलीबाई बोलून गेली, "चूक."

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि "जरा फिरून येतो" म्हणून चपला घालून निघून गेले. ते आले तेव्हा जेवणं झाली होती. पुढचे दोन दिवस वही कपाटावर पडून होती.

सासूबाईंनी तिला भांडी विसळताना गाठलं. "त्यांना तसं तोंडावर चूक म्हणू नकोस गं. इतकी वर्षं संसार केला, मी नाही कधी म्हटलं."

"मग तुम्ही काय म्हणता, आई?"

"मी म्हणते, असंही करता येईल. मग ते आपणच बदलतात. थोडा वेळ लागतो."

सूनबाईने धडा घेतला. सासऱ्यांचं चुकलं की ती त्यांच्या ओळीला हात लावत नसे. शेजारी आपली बरोबर ओळ लिहायची आणि म्हणायचं, "बाबा, असंही करता येईल." ते दोन्ही ओळींकडे बघत, हं म्हणत आणि पुढचं उदाहरण तिच्या पद्धतीने सोडवत. शिकवणी संपली की चहा द्यायचा आणि सगळ्याला बरोबर म्हणायचं. कुणाचं मन दुखलं नाही, गणितही सुधारलं. सासूबाई दारातून बघून समाधानाने मान हलवत. आपण किती हुशार निघालो असं सूनबाईला वाटायला लागलं, आणि माणूस तिथेच फसतो.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पाना आला. हा सासऱ्यांचा जोडीदार, शिडीखाली उभा राहणारा तोच. खिशात कायम पाना बाळगायचा म्हणून त्याचं खरं नाव खात्यातसुद्धा कुणी घेत नसे. तोही परीक्षेला बसणार होता. दोघे बाहेरच्या खोलीत बसले आणि सूनबाई चहा घेऊन निघाली.

"ते केवलमूल्य काही माझ्या टाळक्यात शिरत नाही," पाना म्हणत होता.

"अरे, सगळ्यात सोपं तेच," सासरे म्हणाले. आवाजात मास्तरकी आली होती. "दोन उभ्या रेघा दिसल्या की समजायचं, उत्तरं दोन. एकदा रेघा काढून जसंच्या तसं सोडवायचं, एकदा उजवीकडची चिन्हं उलटी करून. जी दोन येतील ती लिहायची, चौकट करायची, पुढे जायचं."

"दोन्ही बरोबर कशी असतील?"

"असतात. तेच तर त्या धड्याचं वैशिष्ट्य. एक आपलं, एक सूनबाईचं. ती कायम म्हणते बघ, असंही करता येईल. मला आधी वाटायचं उगाच म्हणते. हा धडा आला तेव्हा कळलं."

चहा बशीत सांडला. सूनबाई दारातच उभी राहिली, आणि तिला एकेक उदाहरण आठवायला लागलं.

सुरुवात अगदी बिनधोक झाली होती. उभ्या रेघांमध्ये क्ष वजा तीन, बरोबर पाच. सासऱ्यांनी आठ काढलं. ती म्हणाली, असंही करता येईल, आणि शेजारी वजा दोन लिहिलं. तीनपासून पाच अंतरावर उजवीकडे आठ, डावीकडे वजा दोन. दोन्ही उत्तरं खरी. सासरे केवढे खूश झाले होते. पण नंतर उजवीकडेही क्ष असलेली उदाहरणं आली. उभ्या रेघांत क्ष वजा तीन, बरोबर दोन क्ष वजा नऊ. सासऱ्यांनी एका वाटेने सहा काढलं, दुसऱ्या वाटेने चार, आणि दोन्हींना चौकट केली. यातलं चार हे खोटं उत्तर. समीकरणात परत घालून बघितलं की उघडं पडतं. तिने सहा घालून पडताळा केला, शेजारी लिहिला आणि म्हणाली, "बाबा, असंही करता येईल." चारला तिने फुली मारली नव्हती. तिला वाटलं, समजतील ते आपणच. सासरे हं म्हणाले होते.

असं एकदा नाही, त्या धड्यातल्या दर दुसऱ्या उदाहरणाला झालं होतं. आणि पाणी खात्याच्या पेपरात हाच धडा दरवर्षी विचारत. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही.

"काय गं, चहा तिथेच पिणार का?" सासरे म्हणाले, आणि पाना हसला.

तिने कप ठेवले. "बाबा, त्या रेघांच्या उदाहरणांचा ना, एक पडताळा असतो..."

"केला की आपण. तुझ्या हाताचा आहे वहीत. आज आता नवीन काही नको. डोकं काठोकाठ भरलंय, वरून ओतलं तर आतलं सांडेल." आणि ते पान्याकडे वळून त्याला परत तोच नियम घोकायला लावू लागले. एक चूक होती, तिच्या डोळ्यांदेखत दोन झाल्या.

स्वयंपाकघरात तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हातातली पळी खाली ठेवली.

"उद्या परीक्षा आणि आज तू त्यांना सांगणार, शिकलात ते चुकीचं? वही मिटून निघून जातील. परीक्षेला जाणारच नाहीत. मी ओळखते ना त्यांना."

"पण आई, गुण कापले जातील."

"कापू देत थोडे. बाकीचं येतंय ना?"

नवऱ्याला विचारलं तर त्याने लॅपटॉपवरून मानही वर केली नाही. "तू सांगू नकोस. मीही सांगणार नाही. मी बाबांना एकदाच चूक म्हणालो होतो, सायकलची साखळी बसवताना. अजून ती साखळी मीच बसवतो."

"मग करायचं काय?"

"प्रार्थना," तो म्हणाला, आणि ती चिडली, कारण तो गंमत करत नव्हता.

सांगावं तर सासरे उठून जाणार, न सांगावं तर शिडी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. ती अंथरुणावर पडली पण झोप लागेना. डोळे मिटले की सासऱ्यांचा पाय पायरी चाचपताना दिसे. खाली पाना नेहमी असेल कशावरून? तोही उद्या पास झाला तर खुर्चीवर बसेल.

सकाळी तिने शाळेत अर्ध्या दिवसाची रजा कळवली आणि "मला तिकडेच काम आहे" असं धडधडीत खोटं बोलून सासऱ्यांबरोबर बसमध्ये चढली. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी बसले होते. मांडीवर पारदर्शक पिशवी, तिच्यात प्रवेशपत्र आणि दोन पेनं. ओठ हलत होते. सूत्रं म्हणत असावेत.

ती म्हणाली, "बाबा, समजा एखाद्या नळाची गळती दोन ठिकाणी असेल असं वाटलं, तर तुम्ही काय करता?"

"दोन्हीकडे कांब लावून ऐकतो. मग जिथे आवाज तिथेच खणायचं."

"म्हणजे एक जागा खोटी निघू शकते."

"निघतेच. का गं?"

आता पुढचं एक वाक्य बोलायचं होतं. तोंड उघडलंही. पण त्यांच्या चेहऱ्यावर असा भाबडा विश्वास होता की जिभेवर आलेलं तिने गिळून टाकलं. "काही नाही, सहज," ती म्हणाली, आणि स्वतःचाच तिला इतका राग आला की तिने बाहेर बघायला सुरुवात केली. एकेक थांबा मागे पडत होता. प्रत्येक थांब्याला ती ठरवत होती, पुढच्याला सांगू.

परीक्षा एका मोठ्या शाळेत होती. फाटकासमोर खात्याची माणसं घोळक्यांनी उभी होती. कुणी मीटर वाचणारे, कुणी झडपा फिरवणारे, सगळे मोठ्या वयाचे आणि सगळ्यांचे चेहरे दहावीच्या पोरांसारखे उतरलेले. पाना धावत आला.

"झालं पाठ. दोन रेघा, दोन उत्तरं. एक आपलं, एक सूनबाईचं. बरोबर ना, सूनबाई?"

तिच्या तोंडातून अगदी सवयीने बरोबर निघणार होतं. ती थांबली.

"चूक," ती म्हणाली.

पाना हसला, मग हसायचा थांबला. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"चूक आहे, बाबा. तुमचं चुकतंय आणि ते मी चुकवलंय. उत्तरं दोन येतात, पण दोन्ही खरी असतीलच असं नाही. प्रत्येक उत्तर समीकरणात परत घालून बघावं लागतं. ते चार आठवतंय? ते खोटं होतं. मला दिसत होतं, आणि मी फुली मारली नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून असंही करता येईल म्हणत राहिले." मग तिने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "तसं करता येत नव्हतं."

"म्हणजे दोन नाहीत?" पाना म्हणाला. "अहो, मी बायकोलासुद्धा शिकवलं."

सासऱ्यांनी पिशवीतलं पेन काढलं, त्याचं टोपण काढलं, परत लावलं. तिला वाटलं, संपलं. आता हे वळतील आणि बस पकडतील. सासूबाई म्हणत होत्या तसंच होणार, आणि घरी तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

पण ते वळले नाहीत. त्यांनी जे विचारलं ते तिने रात्रभरात एकदाही मनात आणलं नव्हतं.

"मग बाकीचं? बाकीच्या धड्यांत कुठे कुठे असं केलंस?"

"बाकीचं बरोबर आहे, बाबा."

"ते तर तू रोजच म्हणत होतीस." त्यांचा आवाज चढला नव्हता. रागवले असते तर बरं झालं असतं. ते घाबरले होते. "मी कसं ओळखायचं, कुठलं बरोबर खरं आणि कुठलं मला बरं वाटावं म्हणून?"

ज्या माणसाने चूक म्हणणंच सोडलं त्याच्या बरोबरला काय किंमत? हे तिला, इतकी वर्षं वह्या तपासणाऱ्या बाईला, आज फाटकापाशी कळत होतं. आत घंटा झाली. लोक सरकायला लागले.

सासऱ्यांनी तळहातावर पेनाने लिहिलं आणि हात तिच्यापुढे धरला. सात आठे चोपन्न.

ती बघतच राहिली. ते त्यांनी मुद्दाम लिहिलं होतं. पाढे त्यांचे तिच्याहून पक्के होते.

"सांग."

"चूक," ती म्हणाली.

त्यांनी खाली आणखी एक लिहिलं. क्ष वजा तीनचा वर्ग बरोबर क्ष वर्ग वजा नऊ. आजूबाजूची माणसं बघायला लागली होती.

"चूक. मधलं पद गेलं. वजा सहा क्ष, आणि शेवटी अधिक नऊ."

त्यांनी दुरुस्त करून दाखवलं.

"बरोबर."

"आता ते चार दाखव."

तिने त्यांच्याच हातातलं पेन घेतलं आणि त्यांच्या मनगटावर भराभर लिहिलं. "हे बघा. चार घातलं. डावीकडे रेघांत एक आलं. उजवीकडे दोनदा चार आठ, वजा नऊ, वजा एक. केवलमूल्य म्हणजे अंतर, ते वजा कसं येईल? म्हणून चारला फुली. सहा घातलं तर दोन्हीकडे तीन. सहा राहिलं. कळलं?"

"म्हणजे वजा आलं की उडवायचं."

"हो, बाबा, हो," ती म्हणाली, कारण चौकीदार फाटक ओढायला लागला होता. पाना सासऱ्यांचा दंड धरून त्यांना आत घेऊन गेला. एक पाय किंचित ओढत ते पायऱ्या चढले आणि दिसेनासे झाले.

समोरच्या दुकानाच्या कट्ट्यावर ती बसून राहिली. शाळेचं काम पिशवीत होतं, एकही वही उघडली नाही. सासूबाईंचा फोन आला, तो तिने घेतला नाही. मध्येच तिला आठवलं की शेवटच्या वाक्याला आपण नुसतं हो म्हणालो. वजा आलं की उडवायचं. कुठे वजा आलं की? उजवीकडे. रेघांच्या आत वजा आलं तर चालतं, त्याचंच तर अधिक करायला त्या रेघा असतात. हे ती म्हणालीच नव्हती. घाईत पुन्हा तेच केलं होतं तिने, समजतील आपणच. ती उठून फाटकापर्यंत गेली. चौकीदार म्हणाला, आता कुणाला निरोप देता येणार नाही. ती परत येऊन बसली.

पेपर सुटल्यावर माणसं बाहेर आली ती वादळी चर्चा करतच. सासरे सगळ्यांच्या शेवटी आले. तिच्या शेजारी कट्ट्यावर बसले, प्रश्नपत्रिका मांडीवर पसरली आणि गुडघा चोळायला लागले. पाना त्यांच्या खांद्यावरून वाकून उभा राहिला.

"रेघांची तीन होती," सासरे म्हणाले. "पहिलं साधं. दोन्ही उत्तरं घालून बघितली, दोन्ही राहिली."

तिने बघितलं. "बरोबर."

"दुसरं." त्यांनी बोट ठेवलं. उभ्या रेघांत क्ष वजा सात, बरोबर तीन क्ष वजा नऊ. "पहिलं आलं एक. ते घातलं तर उजवीकडे वजा सहा. उडवलं. दुसरं आलं चार. ते घातलं तर रेघांच्या आत वजा तीन. तेही उडवलं. लिहिलं, उत्तर नाही."

तिने डोळे मिटून घेतले. चार हेच उत्तर होतं. आत वजा तीन, रेघांतून बाहेर आलं की तीन, आणि उजवीकडेही तीन. तिच्या एका घाईच्या हो पायी गेलं होतं ते. आणि सासरे तिच्या तोंडाकडे बघत होते, काल संध्याकाळपर्यंत तहानेने वाट बघत असत तसे. आजच्या दिवसापुरतं तरी बरोबर म्हणून टाकावं, निकाल लागेल तेव्हा लागेल, असं तिला फार वाटलं.

"चूक, बाबा," ती म्हणाली. "चार खरं होतं. रेघांच्या आत वजा चालतं, उजवीकडे नाही. मी फाटकापाशी नीट सांगितलं नाही."

सासऱ्यांनी त्या ओळीखाली नखाने रेघ ओढली. पान्याने हळूच आपली प्रश्नपत्रिका घडी करून खिशात घातली.

"मग पास होईन का?"

"माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. जाणाऱ्या बसकडे पाहिलं, ती जाऊ दिली. मग बोट खाली सरकवलं. तिसरं. उभ्या रेघांत दोन क्ष वजा एक, बरोबर क्ष वजा पाच.

"याची दोन आली. वजा चार आणि दोन. पहिलं घातलं, उजवीकडे वजा नऊ. दुसरं घातलं, उजवीकडे वजा तीन. दोन्ही उडवली. मागे पुढे सगळे दोन-दोन चौकटी करत होते. मी लिहिलं, उत्तर नाही." ते थांबले. "याला तू काय म्हणतेस?"

तिने घाई केली नाही. प्रश्नपत्रिकेच्या कडेला वजा चार घालून बघितलं, मग दोन घालून बघितलं. पुन्हा एकदा बघितलं.

"बरोबर," ती म्हणाली.

सासऱ्यांचा चेहरा असा उजळला की पानासुद्धा बघत राहिला. तीन आठवडे हाच शब्द ती त्यांना चहाबरोबर रोज वाढत होती, पण असं कधी झालं नव्हतं.

"परत म्हण," सासरे म्हणाले.

"बरोबर आहे, बाबा."